हत्तीचा बळी आणि इंजिनांचे मतभेद

राजावर हल्ला चढवताना मोहरा बळी दिलेला असेल, तर तोच पट दोन बुद्धिबळ इंजिनांपुढे, म्हणजे चाली शोधणाऱ्या संगणक प्रोग्रामांपुढे, ठेवून पाहावा. एक पटकन ‘पांढरा जिंकतोय’ म्हणते, दुसरे बराच वेळ ०.०० वर, म्हणजे बरोबरीवर, अडून बसते. नुसत्या वेगाने याचा उलगडा होत नाही. काय पाहायचे आणि काय सोडून द्यायचे, हे प्रत्येक इंजिनात वेगवेगळ्या काळी ठरत गेले, आणि हल्ल्याच्या पटावर ते निर्णय उघडे पडतात.

नेदरलँड्समधल्या विक आन झी येथे १९९९ साली झालेला कास्पारोव्ह (पांढरा)–टोपालोव्ह (काळा) डाव घ्या. २४व्या चालीला कास्पारोव्हने डी४ या घरातल्या प्याद्यावर हत्ती झोकला. टोपालोव्हने तो मारला, तसा दुसरा हत्ती ई७ वर शह देत आला. तोही घेतला असता तर पुढच्या चार चालींत मात होती. म्हणून काळा राजा बाहेर पडला: बी६, ए५, ए४, ए३, बी४, सी३, डी२, आणि शेवटी थेट पांढऱ्याच्या घरात, डी१ वर! तिथे ३६व्या चालीला कास्पारोव्हने शह दिलाच नाही. उंट एफ१ वर मागे घेतला. काळ्या वजिराने तो मारला तरी काळ्याच्या हातून डाव जातोच. हत्ती देतानाच ही चाल दिसायची, तर इंजिनाला २४ अर्ध्या चाली (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल) पुढे पाहावे लागेल.

हे इतके जड का जाते, त्याचे मूळ १९५० मधल्या गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या निबंधात सापडते. वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३, प्यादे १ अशी मोजणी त्यांनी यंत्रासाठी मांडली. तिच्या हिशेबाने कास्पारोव्हची २४वी चाल म्हणजे निव्वळ चार प्याद्यांचा तोटा. सगळ्या चाली ठरावीक खोलीपर्यंत (म्हणजे ठरावीक चाली पुढे) तपासायच्या, की निवडक चालीच खोलवर पाहायच्या, हे दोन मार्गही त्यांनीच सांगितले. मारामारी चालू असताना मध्येच गुण मोजू नयेत, असे बजावलेही. त्यातूनच शोधाच्या टोकाला मारामारी संपेपर्यंत पुढे पाहण्याची रीत रुळली. पण या टोकाच्या तपासात उंट एफ१सारख्या, ना शह ना मारामारी अशा शांत चाली धरल्याच जात नाहीत.

१९७० च्या दशकात संगणकतज्ज्ञ हान्स बर्लिनर यांनी आणखी एक खोड दाखवून दिली. समोर संकट दिसले की यंत्र मध्ये निरर्थक शह घुसडते. संकट त्याच्या नजरेपलीकडे सरकते आणि यंत्राला वाटते, टळले. यावर उतारा म्हणून ठरावीक फांद्या (चालींचे क्रम) जास्त खोल पाहण्याच्या युक्त्या आल्या. शहाला उत्तर देताना एकच चाल तगत असेल, तर तिथे आणखी पुढे जायचे. आयबीएमचा बुद्धिबळ संगणक डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे आणि त्यातही ही युक्ती होती. गंमत म्हणजे १९९७ च्या सामन्यातल्या शेवटच्या डावात कास्पारोव्हला गारद करणारा घोड्याचा बळी यंत्राने शोधलेला नव्हताच. तो त्याला आधीच भरवलेल्या सुरुवातीच्या चालींमधला होता.

पुढे घरगुती संगणकांवर भर आला तो छाटणीवर. आपली पाळी सोडून दिली तरी स्थिती उत्तम राहत असेल, तर ती फांदी बंद. तपासायच्या चालींच्या यादीत मागे पडलेल्या चाली कमी खोलीने तपासायच्या. स्टॉकफिश या इंजिनाचा वेग आणि ताकद बरीचशी या काटकसरीतून येते. म्हणून पडद्यावरची ‘खोली ३०’ शब्दशः घेऊ नये. मोहरा देऊन केलेली शांत चाल यादीत मागे पडते, आणि तिच्या वाट्याला सुरुवातीला फार थोडा वेळ येतो.

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडच्या अल्फाझीरो या इंजिनाने उलटी वाट दाखवली. स्वतःशीच खेळून शिकलेले हे न्यूरल जाळे (उदाहरणांतून स्वतः शिकणारा प्रोग्राम) सेकंदाला फक्त ८० हजार स्थिती पाही. समोरचे स्टॉकफिश ८ सुमारे ७ कोटी. तरी १०० डावांत अल्फाझीरोने २८ जिंकले, एकही हरला नाही. (सामन्याच्या अटींवरून वाद झाला, तो रास्तच होता.) त्याच धर्तीवर २०१८ मध्ये लीला हे इंजिन आले. मोहऱ्यांची बेरीज यांना कोणी शिकवलेली नाही, त्यामुळे हत्तीच्या बदल्यात राजा उघडा पडत असेल तर ती भरपाई त्यांना लवकर पटते. मात्र एखाद्या चालीला जाळ्याने सुरुवातीलाच कमी वजन दिले, तर दहा चालींची सक्तीची मात लीलाच्या नजरेतून निसटू शकते. तिथे स्टॉकफिशचा दांडगा शोध कामी येतो.

जाळे आणि शोध यांच्यातली ही दरी आता बरीच बुजली आहे. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी रचलेले हलके जाळे सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ मध्ये आले, आणि २०२३ मध्ये हाताने लिहिलेले जुने मूल्यमापन काढूनच टाकले. आकड्यांचा अर्थही बदलला: स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० म्हणजे एका प्याद्याची आघाडी नव्हे, जिंकण्याची शक्यता ५० टक्के. जुन्या इंजिनाचा +१.०० आणि हा +१.०० शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

इंजिने ताडून पाहायची असतील तर त्याच डावातल्या दोन जागा चांगल्या आहेत. २४व्या चालीला हत्ती न मारता टोपालोव्हने राजा बी६ वर नेला असता तर तो तगला असता. आणि २८व्या चालीला कास्पारोव्ह वजीर सी३ खेळला; त्याऐवजी हत्ती ए७ जास्त जोरकस होती, हे ग्रँडमास्टर ल्युबोश कावालेक यांनी दाखवून दिले. दोन्ही चालींत ना शह, ना मारामारी. कोणते इंजिन त्यांच्यापर्यंत किती सेकंदांत पोहोचते, तेवढे मोजावे.