भाता (पारंपरिक शिकारी तिरंदाजीतील)

भाता : बाण सांभाळण्याचे, वाहून नेण्याचे आणि हव्या त्या क्षणी हाताशी देण्याचे साधन. जुन्या वाङ्मयात तूणीर, निषंग, इषुधी, तर्कश अशी नावे येतात. मैदानावर हल्ली सगळे सरळ ‘क्विव्हर’ म्हणतात. पारंपरिक शिकारी तिरंदाजी म्हणजे कप्प्या, साइट (नेम धरायची खूण) किंवा ट्रिगर (दोरी सोडायची कळ) नसलेल्या लाँगबोने (लांब, साध्या धनुष्याने) वा रिकर्व्हने (टोके पुढे वळलेल्या धनुष्याने), जनावराच्या अगदी जवळ जाऊन केलेली शिकार. अंतर थोडके असते, त्यामुळे हालचाल आणि आवाज यांना फार महत्त्व येते. भाता ही खरे तर साधी पिशवी किंवा चौकट, पण या दोन्ही बाबतींत तोच घात करतो.

अमेरिका आणि हंगेरीत परवाना घेऊन अशी शिकार करता येते. ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार करायला मनाई आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने वन्य प्राण्यांच्या शिकारीलाच बंदी घातली आहे, मग हत्यार कोणतेही असो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या तिरंदाजाशी या विषयाचा संबंध येतो तो सामानाच्या निमित्ताने. साइट न लावता लाकडी धनुष्याने नेम धरणाऱ्यांना मिळणारे भाते बहुतेक शिकारीसाठीच घडवलेले असतात. शिवाय फोमच्या प्राण्यांवर नेम धरण्याचा थ्रीडी हा खेळप्रकार (त्याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००३ पासून भरतात) शिकारीच्याच धर्तीवर बेतलेला आहे. म्हणून कोणता भाता कशासाठी घडला हे ठाऊक असलेले बरे.

विकत घेणारा आधी चामडे, शिलाई, नक्षी पाहतो. पाहायला हवे ते टोक. सरावाच्या बाणाचे टोक बोथट असते, ते बोटाला लागले तरी फारसे काही होत नाही. शिकारी बाणाला ब्रॉडहेड असते, म्हणजे दोन किंवा तीन पात्यांचा, वस्तऱ्याइतका धारदार फाळ. तो उघडा राहिला तर घसरून पडणाऱ्या माणसाचीच मांडी कापतो. शिवाय दोन फाळ एकमेकांवर घासले की धार जाते, आणि धार गेलेला बाण जनावराला मारत नाही, नुसते जखमी करून सोडतो. त्यामुळे पाती पूर्ण झाकणारे कडक टोपण आणि प्रत्येक बाणाला स्वतंत्र पकड, या दोन गोष्टी नसलेला भाता दिसायला कितीही देखणा असला तरी शिकारी भाता म्हणून बादच समजावा.

चित्रांतून आणि मालिकांतून डोक्यात बसलेला भाता पाठीवरचा. खांद्यावरून हात मागे नेऊन बाण उपसायचा. ही पद्धत जुनी आहेच. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील ७५ व्या सूक्तात, जिथे एकेका आयुधाची स्तुती आहे, तिथे भाता ‘पृष्ठे निनद्धः’, म्हणजे पाठीवर बांधलेला, असाच येतो. तो अनेक बाणांचा बाप, आणि रणात उतरला की ‘चिश्चा’ असा आवाज करतो, असे कवी म्हणतो. बाणांचा हा खुळखुळाट युद्धात वीरश्रीचा, पण रानात त्याने शिकार उधळते. विसाव्या शतकात पाठीवरच्या भात्याचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे अमेरिकन तिरंदाज हॉवर्ड हिल (१८९९–१९७५). त्याच्या नावाने ओळखला जाणारा भाता मऊ चामड्याचा असतो. पाठीवर घेतला की तो दबून बाणांना आवळून धरतो, म्हणून वाजत नाही. कडक, नळकांड्यासारखा भाता मात्र प्रत्येक पावलाला वाजतो. तळाला मूठभर ओट घालण्याची तिकडची जुनी युक्ती आहे. पाती त्यात रुततात, हलत नाहीत. आपल्याकडे कोंडा घातला तरी काम तेच होईल, फक्त पावसाळ्यात त्याला किडे लागतील. डझनभर किंवा त्याहून जास्त बाण घेऊन दिवसभर चालत नेम धरणाऱ्याला हाच भाता सोयीचा. पण वाकून ओढा ओलांडताना बाण डोक्यावरून पुढे सांडतात, आणि बाण काढायला वर गेलेला हात हरणाला लांबून दिसतो.

कमरेचा भाता मैदानावरचा राजा. बाण समोर दिसतो, हात खालीच राहतो. पण कारवीत किंवा घाणेरीच्या जाळीत शिरले की तो प्रत्येक फांदीत अडकतो. घोडेस्वार तिरंदाजांनी मात्र शतकानुशतके कमरेलाच तर्कश बांधला; शक लोकांचा गोरिटस तर धनुष्य आणि बाण दोन्ही एकाच म्यानात नेणारा होता. घोड्यावर बसलेल्याला झुडपे आडवी येत नाहीत, हे त्याचे कारण असावे.

धनुष्यालाच जोडलेल्या भात्याने शिकारी तिरंदाजीत सर्वांत मोठा बदल घडवला. तो रुजवण्यात फ्रेड बेअर (१९०२–१९८८) या धनुष्य-निर्मात्याचा मोठा वाटा आहे. धनुष्याच्या बाजूला एक चौकट असते, वर पाती झाकणारे टोपण, खाली बाणांच्या दांड्या धरणारे रबरी चिमटे. चार ते सहा बाण मावतात. दुसरा बाण काढायला हात जेमतेम वीतभर हलतो, म्हणून दबा धरून बसणाऱ्याला याच्याइतका सोयीचा प्रकार नाही. याची किंमत मात्र धनुष्य चुकवते. वजन वाढते, तेही एकाच बाजूला. पारंपरिक तिरंदाज धनुष्य किंचित तिरके धरतो, त्यामुळे हे एकांगी वजन मनगटाला जाणवते. एकेक बाण सुटत गेला की तोलही बदलत जातो. वाऱ्यात बाणांची पिसे शिडासारखी हवा धरतात. दोरी सुटताच चिमट्यात सैल बसलेला बाण थरथरतो, आणि तो आवाज थेट कानाशी येतो. सराव भात्याशिवाय आणि शिकार भात्यासह, असे करणाऱ्याचा नेम चुकला तर नवल नाही. यात वाद बराच आहे, पण भाता लावायचा तर तो सरावातही लावावा, हे पटण्यासारखे आहे.

पाठीच्या मधोमध बसणारा बंद भाता हा अलीकडचा तोडगा. बाणांची पिसे वरच्या टोपणात, पाती तळाच्या डबीत. बाण बाजूने किंवा खालून काढायचा. दिसायला सामान्य, पण पावसाच्या मुलखात फार उपयोगी. टर्कीची खरी पिसे ओली झाली की दांडीला चिकटून बसतात आणि बाण भरकटतो. प्लास्टिकच्या पिसांचे असे होत नाही, पण थेट धनुष्याच्या मुठीवर टेकून सुटणाऱ्या बाणाला ती चालत नाहीत. मुठीला आपटून बाण उडवतात.

जुने भाते पाहिले की माणसाने हे सगळे आधीच सोडवून ठेवले होते असे वाटते. १९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी या हिममानवाजवळ कातड्याचा भाता होता. तो ताठ राहावा म्हणून बाजूने हेझल झाडाची काठी शिवलेली. आत १४ बाण; त्यांतले पिसे आणि गारगोटीचे टोक असलेले तयार दोनच, आणि तेही मोडलेले. कातडे रो जातीच्या हरणाचे असल्याचे २०१६ च्या जनुकीय तपासणीतून कळले. अरुणाचलातल्या ‘आदी’ आणि ‘मिशमी’ या जमातींच्या शिकाऱ्यांचा भाता बांबूच्या पेराचा, वर घट्ट झाकण. बाणाला बचनागाचे विष लावलेले असायचे, म्हणून झाकणाची गरज वेगळ्याच कारणाने. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात प्रकट झालेला, ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीचा इशी (मृत्यू १९१६) पाणमांजराच्या कातड्याचा, केस बाहेर ठेवलेला भाता वापरी. केसाळ कातडे फांदीला घासले तरी आवाज करत नाही.

ठाण्याच्या परिसरात धनुष्यबाण परके नव्हते. वारली, कातकरी आणि ठाकूर समाजांत शिकार हा जगण्याचा भाग होता, आणि वारली चित्रांत धनुष्य ताणलेला शिकारी अजून दिसतो. (वारली चित्रकलेचा डहाणू तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) आजच्या शहरी तिरंदाजापुढचे प्रश्न निराळे. पहिला दमट हवेचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऐरोलीच्या किंवा घोडबंदरच्या बंद फ्लॅटमध्ये टांगलेल्या चामडी भात्याच्या शिलाईत पांढरट-हिरवी बुरशी धरते. आत ठेवलेल्या पोलादी पात्यांवर तर त्याआधीच गंज चढतो, कारण चामडे ओल धरून ठेवते. पाती वेगळ्या डबीत, तेलाचे बोट फिरवून ठेवावीत. भाता कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवावा, उन्हात तापवू नये. टोपणातला फोमही या हवेत भुसभुशीत होऊन गळतो, तेव्हा रबराचे टोपण मिळत असेल तर तेच बघावे. दुसरा प्रश्न प्रवासाचा. संध्याकाळच्या ठाणे–वाशी लोकलमध्ये उघडा भाता घेऊन चढणे म्हणजे भांडण विकत घेणे. बाण झाकणाच्या नळीत न्यावेत, भाता घडी होणारा असावा.

तिसरी बाब कायद्याची. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय हत्यार घेऊन जाता येत नाही (कलम ३१), आणि हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. ठाण्यालगतचे येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. पलीकडचे तुंगारेश्वर, शहापूरकडचे तानसा, पनवेलजवळचे कर्नाळा आणि खुद्द ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य या सगळ्यांनाच ती लागू. ‘नुसता फोटो काढायचाय’ म्हणून पाठीला भाता लावून येऊरच्या गेटातून आत जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हे वाचून घ्यावे.

घरी भाता करणाऱ्यांची इथली पसंती ७५ मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपला. हार्डवेअरच्या दुकानात तो कापून मिळतो. २८ इंची बाणाला २० ते २२ इंच खोली पुरते, म्हणजे पिसे बाहेर राहतात आणि चुरगळत नाहीत. आतून फेल्ट किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा चिकटवला नाही तर तो डबा वाजतो तसा वाजतो. तळाला जाड रबर हवे, आणि पट्टा खांद्यावर आडवा जाईल असा. बोथट टोकांच्या बाणांना एवढे पुष्कळ झाले. ब्रॉडहेडला मात्र हा पाइप चालणार नाही. तळाशी पाती मोकळी एकमेकांवर आपटतात, आणि पट्टा सुटून भाता उलटा झाला की सगळे बाण उघड्या फाळांसह एकदम बाहेर सांडतात.