डेंग्यूत प्लेटलेटच्या आकड्यामागे धावू नका

‘प्लेटलेट ५०,०००च्या खाली आल्या, लगेच चढवा’ हा डेंग्यूतला जुना गैरसमज. रुग्ण दगावतो तो बहुतेकदा शॉकने, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचल्याने. रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातला पातळ भाग पोटात-छातीत उतरतो, उरलेलं रक्त घट्ट होतं. म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतं. हे घडतं ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, म्हणजे घरचे निर्धास्त होतात नेमकं तेव्हा.

रक्तदाब १००/८० दिसला तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून सोडू नका. दोन आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की शॉक सुरू झालेला असू शकतो. नख दाबून सोडा. गुलाबी रंग परतायला २ सेकंदांहून जास्त लागले, हातपाय गार पडले, पोट सतत दुखू लागलं किंवा लघवी घटली, तर तडक रुग्णालय गाठा. तिथे सलाइन वजनाच्या हिशेबानेच हवं. जास्त झालं तर फुप्फुसांत पाणी साठतं.

शॉक लांबला की रक्तात जागोजागी बारीक गुठळ्या होतात, गोठवणारे घटक त्यातच संपतात आणि मग मोठा रक्तस्राव होतो. आधीच चढवून ठेवलेल्या प्लेटलेटनी तो टळत नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.