बेळगाव सीमाप्रश्न

महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांमधला, १९५६ पासून चिघळत राहिलेला सीमातंटा. बेळगाव, निपाणी, कारवार ही शहरे धरून बेळगाव, उत्तर कन्नड, बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. जुन्या कागदपत्रांत हा आकडा ८१४ असा येतो. कर्नाटकाच्या मते राज्यपुनर्रचनेने हा विषय कायमचा निकाली निघाला. या पट्ट्याला मराठी माणूस ‘सीमाभाग’ म्हणतो आणि तिथल्या मराठी भाषकांना ‘सीमावासीय’. या प्रश्नावर नकाशे, जनगणना आणि कलमे यांची चर्चा खूप झाली. तीन पिढ्यांनी काय भोगले, ते मात्र त्या मानाने कमी नोंदले गेले.

हा सगळा मुलूख एका साच्याचा नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होता. बिदर-भालकी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथल्या बिदर जिल्ह्याचे १९५६ मध्ये तुकडे झाले, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्यात आले आणि भालकी, औराद कर्नाटकात गेले. कारवार, हल्याळ, सुपे या भागांत कोकणी बोलली जाते. कोकणीला मराठीत गणून केलेला हा दावा, १९९२ मध्ये कोकणीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाल्यावर, उरलेल्या सीमाभागाच्या तुलनेत लंगडा पडतो, हे मान्य करायला हवे. बेळगाव शहर आणि तालुक्याची गोष्ट वेगळी: तिथे १९५१ च्या जनगणनेत मराठी भाषकांचे स्पष्ट बहुमत होते.

मराठी भाषकांचे एक राज्य हवे, ही मागणी बेळगावातच बळावली. १९४६ मध्ये तिथे भरलेल्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ज्या शहरातून ही हाक गेली, तेच पुढे राज्याबाहेर राहिले. तिकडे कन्नड भाषकांची एकीकरणाची चळवळही जुनी आणि तितकीच मनापासूनची होती. मुंबई इलाखा, हैदराबाद, मद्रास, म्हैसूर, कुर्ग असे विखुरलेले कन्नड लोक एका राज्याचे स्वप्न पाहत होते, आणि इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्मांचे कित्तूर बेळगाव जिल्ह्यातच आहे. दोन खऱ्या आकांक्षा एकाच जमिनीवर येऊन भिडल्या.

राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात जिल्हा हा घटक धरला. चंदगड तालुका तेवढा वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा कर्नाटकाला द्यावा, अशी त्याची शिफारस होती. १६ जानेवारी १९५६ रोजी केंद्राचा निर्णय जाहीर झाला: मुंबई केंद्रशासित आणि बेळगाव कर्नाटकात. दुसऱ्या दिवशी बेळगाव रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी गोळीबार केला. पैलवान मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारागडी, लक्ष्मण गावडे हे त्या आंदोलनाचे बळी. निपाणीत कमळाबाई मोहिते यांना प्राण गमवावे लागले. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे म्हटले की आपल्याला मुंबईचा फ्लोरा फाउंटन आठवतो. बेळगावची ही नावे महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकी आठवणीत फारशी शिरली नाहीत, हा आपला करंटेपणा आहे. बेळगावात १७ जानेवारी हा हुतात्मा दिन आजही पाळला जातो. सीमालढ्याचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील यांचे २०२२ मध्ये निधन झाले, तेही १७ जानेवारीलाच.

१ नोव्हेंबर १९५६ ला पुनर्रचना अमलात आली. तेव्हापासून या तारखेला एकाच शहरात दोन दिवस साजरे होतात. कन्नड संघटना लाल-पिवळे ध्वज घेऊन राज्योत्सवाच्या मिरवणुका काढतात, तर मराठी माणसे काळ्या फिती बांधून ‘काळा दिन’ पाळतात, सायकल फेरी काढतात आणि ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा देतात.

१९५७ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने केंद्राला निवेदन दिले. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुमत (इतर भाषकांपेक्षा अधिक संख्या) आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर महाराष्ट्राची मागणी उभी आहे. आंध्र आणि मद्रास यांच्यातली सीमा मध्यस्थ ह. वि. पाटसकर यांनी साधारण याच तत्त्वांवर आखून दिली होती, म्हणून महाराष्ट्राच्या बाजूने ‘पाटसकर सूत्रा’चा दाखला सतत दिला जातो. १९६० ची चारसदस्य समिती एकमताअभावी निष्फळ ठरली. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्राने १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. महाजनांनी निपाणी आणि खानापूरच्या भागासह २६४ गावे महाराष्ट्राला, तर जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. शहर तीन बाजूंनी कन्नड प्रदेशाने वेढलेले आहे, हे त्यांचे मुख्य कारण. ज्या महाराष्ट्राने आयोगाचा आग्रह धरला, त्यानेच अहवाल फेटाळला. त्यामुळे ‘मागितलात तुम्ही, नाकारलात तुम्ही’ हा कर्नाटकाचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. पण एका जागी खेड्याचा कौल मोजायचा आणि बेळगावपाशी आल्यावर तो बाजूला ठेवायचा, ही त्या अहवालातली विसंगती खरीच आहे. १९६९ च्या फेब्रुवारीत शिवसेनेने याच प्रश्नावर मुंबईत आंदोलन पुकारले, बाळ ठाकरे यांना अटक झाली आणि शहर कित्येक दिवस पेटले. त्यातही अनेकांचे जीव गेले.

दुसरा मोठा घाव १९८६ चा. प्राथमिक शाळेपासून कन्नड सक्तीचे करण्याच्या धोरणाविरुद्ध सीमाभागात उठाव झाला आणि १ जूनला गोळीबार झाला. त्या आंदोलनात नऊ जण गेले. बेळगावला लागून असलेल्या हिंडलग्यात त्यांचे स्मारक आहे. त्या दिवसांत शरद पवार, छगन भुजबळ वेश पालटून बेळगावात शिरले होते. या साहसाच्या कथा महाराष्ट्रात चवीने सांगितल्या जातात. गेलेल्यांच्या घरांत पुढे काय झाले, हे विचारायला क्वचितच कोणी जाते.

गोळीबार वर्षानुवर्षांतून एखादाच झाला. कागद मात्र रोज छळतो. शेताचा उतारा, म्हणजे तिकडची ‘पहाणी’, कन्नडमध्ये निघते. खानापूर किंवा येळ्ळूरच्या शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीवर कोणाचे नाव चढले, कर्जाचा बोजा किती, हे वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जावे लागते. ग्रामपंचायतीची नोटीस, वीजबिल, बसची पाटी यांचेही तेच. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक असतील तिथे स्थानिक कारभाराचे कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, ही तरतूद कर्नाटकाच्याच १९८१ च्या कायद्यात आहे. सीमावासीयांची रोजची मागणी इतकीच की ती पाळा. इथला बहुतेक मराठी माणूस कन्नड बोलतो, बाजारात आणि सोयरिकीतही दोन्ही भाषा नांदतात. त्याची तक्रार कन्नडबद्दल नाही, सक्तीबद्दल आहे.

निषेध केला की गुन्हे दाखल होतात. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, तेव्हा महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळे फासले गेले आणि पालिकाच बरखास्त झाली. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक उच्च न्यायालयाच्या आदेशावरून हटवला गेला. त्यानंतर पोलिसांनी घराघरांत घुसून बायामाणसांना मारहाण केली. २०२१ च्या डिसेंबरात बंगळूरमधल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतरच्या तणावात मराठी कार्यकर्त्यांवर राजद्रोहाची कलमेही लागली. विशीतल्या पोरावर असा गुन्हा चढला की पासपोर्ट आणि सरकारी नोकरी दोन्ही अवघड होतात.

महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. कर्नाटकाचे म्हणणे असे की सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसदेचा आहे, न्यायालयाचा नाही. या काळात कर्नाटकाने बेळगावात विधिमंडळाची अधिवेशने सुरू केली, २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभारले आणि २०१४ मध्ये शहराचे नाव ‘बेळगावी’ केले. सीमाभागातल्या मराठी भाषकांची संघटना असलेल्या महाराष्ट्र एकीकरण समितीची ताकद गटबाजीने पोखरली गेली: २०१३ मध्ये तिचे दोन आमदार निवडून आले, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. याचा अर्थ मराठीपण संपले असा लावणे घाईचे आहे. मतदाराने रस्ते-पाण्यासाठी राष्ट्रीय पक्ष धरले, एवढेच त्यातून दिसते.

सीमेच्या अलीकडेही हिशेब आहे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी गावे आहेत. जतच्या दुष्काळी गावांनी पाण्यासाठी ठराव करून ‘कर्नाटकात जाऊ’ असा इशारा दिला होता. त्याच ठरावांचा आधार घेऊन कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी २०२२ मध्ये जतच्या गावांवर दावा सांगितला. मग बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले, केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून समज दिली आणि त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले. ज्या गावांनी फक्त पाणी मागितले होते, ती या ठरावांत कुठेच नव्हती.

महाराष्ट्र सरकार या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांना तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात वेगळा कोटा देते आणि सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या कुटुंबांना निवृत्तिवेतन देते. २०२३ मध्ये आरोग्य योजनाही या गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. कोट्यातून शिकलेली पोरे बहुतेक पुण्या-मुंबईत नोकरी धरतात. मागे राहिलेल्या आईबापांच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्येच निघतो.