अन्नपूर्णा (स्त्रीनाम)

‘अन्न’ आणि ‘पूर्णा’ या दोन संस्कृत शब्दांचा समास होऊन बनलेले स्त्रीनाम. पार्वतीच्या अन्नदात्या रूपाचे, म्हणजे काशीच्या अन्नपूर्णेचे हे नाव मुलींना ठेवले जाते. मराठी, कन्नड, तेलुगू, बंगाली, ओडिया, हिंदी आणि नेपाळी या भाषांत ते याच रूपात आढळते. तमिळमध्ये त्याचे ‘अन्नपूरणी’ होते. मराठीत या नावाची गत थोडी वेगळी झाली आहे. बारशाच्या पाळण्यातून ते जवळपास उठले, पण देवघर, खानावळ, सरकारी योजना आणि जेवणानंतरची दाद या साऱ्या ठिकाणी ते ठाण मांडून आहे.

व्युत्पत्ती : ‘अद्’ म्हणजे खाणे, या धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून ‘अन्न’ होते. ‘पॄ’ म्हणजे भरणे; त्यापासून ‘पूर्ण’. नावाचे दोन्ही तुकडे मुळात धातुसाधितेच आहेत, एक ‘खाल्लेले’ आणि दुसरे ‘भरलेले’. तैत्तिरीय उपनिषदाने अन्न या शब्दाची फोड करताना त्याला दुहेरी धार दिली आहे : जे खाल्ले जाते आणि जे प्राणिमात्रांना खाते, ते अन्न. पुढे त्याच उपनिषदाच्या भृगुवल्ली या भागात ‘अन्न हे ब्रह्म’ हे सांगून झाल्यावर अन्नाची निंदा करू नये, अन्न भरपूर पिकवावे, अशी व्रतेही घालून दिली आहेत. मराठी घरांत पंगतीला म्हटल्या जाणाऱ्या ‘वदनी कवळ घेता’ या श्लोकात ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ असे येते. तिथे ‘अन्न’ आणि ‘पूर्ण’ हे शब्द इतके जवळ आहेत की मराठी कानाला या नावाची फोड वेगळी करून सांगावी लागत नाही.

समासाचा विग्रह ‘अन्नेन पूर्णा’ असा होतो. हा तृतीया तत्पुरुष. शब्दशः अर्थ ‘अन्नाने भरलेली’, एवढाच. बाळाच्या नावांच्या पुस्तिकांत ‘अन्न देणारी’ असा अर्थ छापलेला असतो, पण तो खरे तर ‘अन्नदा’ या नावाचा. अन्नपूर्णा दुसऱ्याला भरवते ही गोष्ट व्याकरणातून निघत नाही. ती पुराणकथेतून आली आणि नावाला कायमची चिकटली. भरलेल्या बाईने वाढायलाच हवे, ही अपेक्षाही तिथूनच आली असावी.

‘पूर्ण’ हा तत्सम शब्द असल्यामुळे त्यातला ‘पू’ दीर्घ. तरी ‘अन्नपुर्णा’ अशी पाटी लावलेली खानावळ मिळाली नाही असे गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल. पाटी चुकली म्हणून आमटी बिघडत नाही, हेही तितकेच खरे.

देवता आणि कथा : सर्वांत जास्त सांगितली जाणारी कथा अशी. शंकर पार्वतीला म्हणतो, हे सारे जग माया आहे, अन्नसुद्धा. पार्वती उत्तर देत बसत नाही; ती नाहीशी होते. पिके थांबतात, चुली विझतात, देवांपासून माणसांपर्यंत सगळ्यांची उपासमार होते. शेवटी ती काशीत प्रकट होऊन अन्न वाढू लागते आणि कपालपात्र हातात घेऊन स्वतः शंकर तिच्या दारी भिक्षेला उभा राहतो. स्कंदपुराणाच्या काशीखंडात व्यासाची कथा आहे. काशीत भिक्षा मिळेना म्हणून रागावलेला व्यास नगरीला शाप देतो; तेव्हा गृहिणीच्या वेशातली देवी त्याला शिष्यांसह जेवायला घालते. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अन्नपूर्णास्तोत्रातला ‘अन्नपूर्णे सदापूर्णे शंकरप्राणवल्लभे’ हा श्लोक पुष्कळांना पाठ असतो. त्याच्या दुसऱ्या ओळीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तिथला याचक भात मागत नाही. ज्ञान आणि वैराग्य सिद्ध व्हावे यासाठी भिक्षा मागतो.

काशी विश्वनाथाजवळचे अन्नपूर्णेचे आजचे मंदिर अठराव्या शतकातले असून त्याच्या उभारणीचे श्रेय पहिल्या बाजीराव पेशव्यांना दिले जाते. तिथली सोन्याची मूर्ती वर्षभर झाकलेली असते आणि धनत्रयोदशीपासून दिवाळीचे मोजके दिवसच दर्शनासाठी खुली होते. कर्नाटकात चिक्कमगळूरू जिल्ह्यातले होरनाडूचे अन्नपूर्णेश्वरी मंदिर प्रसिद्ध आहे. तिथे दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला जेवण मिळते. बंगालमध्ये चैत्र शुद्ध अष्टमीला अन्नपूर्णापूजा असते, तर मार्गशीर्ष पौर्णिमा ही अन्नपूर्णा जयंती. महाराष्ट्रात त्याच दिवशी दत्तजयंती येत असल्याने अन्नपूर्णेकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

पळी ही या देवतेची ओळखखूण. काशीहून शंभरेक वर्षांपूर्वी कॅनडात गेलेली एक दगडी मूर्ती तिथल्या रेजायना शहरातल्या संग्रहात विष्णूची म्हणून नोंदलेली होती. हातातली खिरीची वाटी आणि पळी पाहून ती अन्नपूर्णा असल्याचे लक्षात आले. ती भारताला परत मिळाली आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथाच्या आवारात बसवण्यात आली.

मराठी घरातली अन्नपूर्णा : मराठी देवघरात अन्नपूर्णा असते ती बोटाएवढी, पितळेची किंवा चांदीची, मांडी घालून बसलेली आणि हातात पळी धरलेली. तिला बहुधा छोट्या वाटीत तांदूळ किंवा इतर धान्य घालून त्यावर बसवतात, म्हणजे खाली धान्य आणि हातात पळी. पुष्कळ घरांत ती विकत आणलेली नसते, सुनेबरोबर आलेली असते. लग्नाच्या दिवशी नवरी गौरीहराशी बसून हिची पूजा करते आणि सासरी निघताना माहेरची ही मूर्ती बाळकृष्णाबरोबर घेऊन जाते. त्यामुळे एखाद्या जुन्या घराच्या देवघरात चार-पाच अन्नपूर्णा दिसल्या तर त्या घरात किती पिढ्यांच्या सुना आल्या याचा हिशेब तिथेच मांडलेला असतो. चैत्रात हीच मूर्ती चैत्रगौर म्हणून झोपाळ्यात बसते. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि हळदीकुंकू, असा तिचा थाट अक्षय तृतीयेपर्यंत चालतो.

आणि इथेच नावाची अडचण सुरू होते. जी देवता रोज सकाळी ताम्हनात अंघोळ करते, तिचे नाव घरातल्या मुलीला ठेवायला मराठी माणूस कचरला नाही. लक्ष्मी, सरस्वती, पार्वती ही नावे सर्रास होती. अन्नपूर्णा मात्र त्यांच्याइतकी कधीच पसरली नाही. ती दिसते ती आजी-पणजीच्या पिढीत, ‘अन्नपूर्णाबाई’ किंवा ‘अन्नपूर्णाकाकू’ म्हणून, आणि त्यातही काही जणींना ते नाव माहेरचे नसून सासरचे असे. लग्नात ताटात पसरलेल्या तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची पद्धत होती, अजूनही काही घरांत आहे. नवरा शंकर किंवा विश्वनाथ असला की जोडी जुळवायला हे नाव हाताशी असे. तांदळात लिहायला याहून शोभणारे नाव दुसरे नाही.

विशेषण झालेले नाव : मराठीत ‘अन्नपूर्णा’ हा शब्द आज बहुतेक वेळा विशेषनाम म्हणून वापरला जात नाही. ‘त्या अगदी अन्नपूर्णा आहेत’ असे म्हटले की ऐकणारा त्यांचे नाव काय हे विचारत नाही. सुगरण आणि अन्नपूर्णा यांतला फरक जुन्या बायका नेमका जाणतात. सुगरणीच्या हाताला चव असते. अन्नपूर्णेच्या घरी अवेळी दहा माणसे आली तरी भात पुरतो आणि कुणी उपाशी उठत नाही. पहिले कौशल्य झाले, दुसरे स्वभाव. गौरवाचा शब्द म्हणून तो मोठाच. पण ज्या नावात आयुष्यभराचे काम आधीच लिहून ठेवले आहे ते नाव मुलीला देताना आजचे आईबाप थबकतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मुलीच्या नावात स्वयंपाकघर नको, एवढे साधे कारण.

दुसरे कारण कानाचे. चार अक्षरे, त्यांत जोडाक्षर आणि रफार. गेल्या तीन-चार दशकांत मराठी घरांतली मुलींची नावे दोन-तीन अक्षरांवर आली : आर्या, सई, अन्वी, ईरा. भारतात जन्मनोंदणीतल्या नावांची वर्षवार क्रमवारी सरकार प्रसिद्ध करत नाही, त्यामुळे घसरण आकड्यांत दाखवता येत नाही; शाळेच्या हजेरीपटावर मात्र ती दिसते. ‘अ’ हे कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे, म्हणजे मेष राशीचे अक्षर. त्या अक्षरावरून नाव शोधणाऱ्यांना आज अनन्या, अन्विता, अनया आधी सापडतात.

लाडके रूप करतानाही मराठीत पंचाईत होते. पुढचा भाग घेतला तर ‘अन्ना’, आणि ते ऐकायला थेट ‘अण्णा’च्या शेजारी, म्हणजे घरातल्या थोरल्या पुरुषाच्या. म्हणून ‘अन्नू’ किंवा ‘अनू’. मागचा भाग घेतला तर ‘पूर्णा’. हे सुंदर नाव आहे, पण महाराष्ट्रात त्या नावाच्या नद्याही आहेत, एक तापीला मिळणारी आणि दुसरी गोदावरीला. शिवाय परभणी जिल्ह्यात पूर्णा हे रेल्वे जंक्शनही आहे. त्या भागातल्या पूर्णेला वर्गात काय ऐकावे लागत असेल याची कल्पना करावी.

दक्षिणेत ही अडचण जाणवत नाही. तेलुगूत ‘अन्नपूर्णम्मा’, कन्नडमध्ये ‘अन्नपूर्णा’ किंवा ‘अन्नपूर्णेश्वरी’ अशा रूपांत नाव रुळलेले आहे आणि मध्यमवयीन पिढीतही सहज भेटते. हैदराबादचा अन्नपूर्णा स्टुडिओ अभिनेते अक्किनेनी नागेश्वरराव यांनी आपल्या पत्नीच्या नावावरून काढला. बंगालमध्ये देवीला अन्नदाही म्हणतात, आणि गंमत म्हणजे अन्नदाप्रसाद, अन्नदाशंकर अशी पुरुषांची नावेही तिथे होतात. अठराव्या शतकात भारतचंद्र राय यांनी लिहिलेल्या ‘अन्नदामंगल’ या काव्यातला नावाडी देवीकडे वर मागतो तो एवढाच, की माझी लेकरे दूधभातावर राहोत. बंगाली माणसाला ती ओळ आजही तोंडपाठ असते.

माणसाबाहेर गेलेले नाव : १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची संघटना उभारली, तिचे नाव अन्नपूर्णा महिला मंडळ. गिरणी कामगारांना घरगुती जेवण घालणाऱ्या या बायका सावकाराकडून कर्ज काढून किराणा भरत. मंडळाने त्यांना बँकेचा दरवाजा दाखवला. या नावाचा इतका चपखल वापर दुसरा झाला नाही, कारण इथे वाढणाऱ्या हाताला त्याचा मोबदलाही मिळत होता. सरकारांनाही हे नाव आवडते. केंद्राची अन्नपूर्णा योजना २०००मध्ये आली, पात्र असूनही निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या वृद्धांना महिना १० किलो धान्य मोफत देणारी. महाराष्ट्राची २०२४ची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना वर्षाला तीन गॅस सिलिंडर मोफत देते.

नेपाळमधल्या अन्नपूर्णा शिखराची उंची ८,०९१ मीटर. ३ जून १९५० रोजी मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक त्यावर पोहोचले आणि आठ हजार मीटरवरचे माणसाने सर केलेले ते पहिले शिखर ठरले. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते या एप्रिल २०२१मध्ये तिथे पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला.

नावाच्या मानकरी : ओडिशातल्या स्वातंत्र्यसैनिक अन्नपूर्णा महाराणा (१९१७–२०१२) या रमादेवी आणि गोपबंधू चौधरी यांच्या कन्या. सुरबहारवादक अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८) यांचे जन्मनाव रोशनआरा. मैहर दरबारचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या या मुलीला अन्नपूर्णा हे नाव मैहरचे महाराज ब्रिजनाथसिंह यांनी दिले. मैफिली सोडून त्या मुंबईत दाराआड राहिल्या आणि शिकवत राहिल्या. हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी, नित्यानंद हळदीपूर हे त्यांचे शिष्य. १९७७मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

अन्नपूर्णादेवींना हे नाव नंतर मिळाले. मुंबईच्या अन्नपूर्णा तर्खडकर यांचे मात्र जन्माचे नाव बाजूला पडले. प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग यांची ही मुलगी इंग्लंडला जाऊन आलेली होती. १८७८मध्ये विलायतेला निघालेले सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या घरी मुक्कामाला राहिले ते तिच्याकडून इंग्रजी बोलायला शिकण्यासाठी. चरित्रांत ती अधिक करून ‘आना’ म्हणून येते, म्हणजे नावाचा पुढचा अर्धा भाग, तोही इंग्रजी वळणाचा. तिने रवींद्रनाथांकडे एक नाव मागितले आणि त्यांनी तिला ‘नलिनी’ म्हटले.