काचेतला आरसा आणि फेऱ्या घालणारा मासा

दवाखान्याच्या वेटिंग रूममधली समुद्री माशांची टाकी मुंबईत आता नवलाची राहिलेली नाही. तिच्यासमोर एखादं मूल उभं असतं आणि आई त्याला सांगत असते, "बघ, तुला बघून कसा नाचतोय!" मासा असतो पावडर ब्लू टँग. अंग निळं, तोंड काळं, पाठीवर पिवळा पर. तो काचेला नाक लावून वर जातो, कोपऱ्यात वळतो, खाली येतो, पुन्हा वर. पाच मिनिटं बघत राहिलं तरी वळण्याची जागा बोटभरही सरकत नाही. हा नाच नव्हे, आणि त्या मुलासाठी तर नव्हेच.

सतत तेच ते, ठरावीक आणि वरवर पाहता निरुपयोगी अशा वागण्याला शास्त्रज्ञ स्टीरिओटायपी म्हणतात. पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा वाघ पाहून आपल्याला वाईट वाटतं, कारण ती घालमेल आपल्याला कळते. मासा मात्र पोहणारच, त्यात काय विशेष, असं आपण धरून चालतो. अर्थात प्रत्येक फेरीवर शिक्का मारू नये. क्लाउनफिश समुद्रातही आपल्या समुद्रफुलापासून फारसा लांब जात नाही आणि तिथेच अंग हलवत राहतो. काही शार्क आणि ट्यूना यांना तर श्वासासाठीच पोहत राहावं लागतं. पावडर ब्लू टँगची गोष्ट वेगळी. हिंदी महासागरातल्या प्रवाळांवर, आपल्या लक्षद्वीपजवळही, तो दिवसभर शेवाळ खरवडत फिरतो. त्याला चार फुटांची टाकी म्हणजे काहीच नाही.

पण तो काचेलाच का चिकटतो? इथे शाळेतला प्रकाशाचा धडा कामाला येतो, आणि मला तो फार आवडतो. प्रकाश पाण्यातून हवेत जाताना वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, १.३३३. काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजलं, तर पाण्यातला किरण ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरका झाला की तो बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. मध्ये काच आहे आणि तिचा अपवर्तनांक वेगळा आहे, हे खरं. पण तिच्या दोन्ही बाजू समांतर असल्यामुळे हिशेबातून ती गळून पडते. म्हणजे काचेसमोरच्या माशाला बाहेरची अख्खी खोली सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाटलेली दिसते आणि शंकूबाहेर सगळीकडे आरसा. हे आपल्यालाही पाहता येतं. टाकीच्या समोर सरळ उभं राहून पुढच्या काचेतून बाजूच्या काचेकडे नजर टाका. ती पारदर्शक दिसत नाही, चकचकीत आरसा दिसते, आणि तिच्यात तोच मासा दुसऱ्यांदा पोहत असतो.

आता मासा काचेला समोरून भिडला तर? तेव्हा जेमतेम चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. खोलीत उजेड असेल तर तेवढं प्रतिबिंब बुडून जातं. पण खोली अंधारी आणि टाकीत झगझगीत दिवे असले की तेच प्रतिबिंब उठून दिसतं. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवालात असायची तशी मत्स्यालयांत प्रेक्षकांची बाजू मुद्दाम अंधारी ठेवतात, म्हणजे आपल्याला मासे स्पष्ट दिसतात. आपली ही सोय माशासमोर आरसा उभा करते. टँग हद्दीसाठी भांडणारा मासा. शेपटीच्या बुडाशी त्याला सुरीसारखा काटा असतो. टाकीत नवा टँग सोडताना जुन्याचं लक्ष वळवायला बाहेरून आरसा लावण्याची युक्ती शौकीन वापरतात, ती उगीच नाही. काचेतला प्रतिस्पर्धी हरत नाही आणि पळतही नाही.

त्यात भर माशाच्या पार्श्वरेखेची. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगावर केसपेशींचे बारीक पुंजके असतात, प्रत्येकावर जेलीची टोपी. पाणी हललं की टोपी कलते आणि मेंदूला खबर जाते. मेक्सिकोतल्या गुहांमधला आंधळा मासा स्वतःच्या पोहण्यानं उठलेल्या प्रवाहात पडणारा फरक ओळखून भिंत टाळतो. टाकीतल्या माशाची पंचाईत अशी की डोळे सांगतात पुढे पाणी आहे, अंग सांगतं भिंत आहे. समुद्रात न दिसणारी भिंत नसते.

आपल्याला मुळीच न जाणवणाऱ्या गोष्टीही त्यांना छळतात. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातली पांढरी शार्क मादी गोल टाकीत एकाच जागी धडकत राहिली. तपासल्यावर तिथे ०.१२५ मिलिव्होल्ट एवढासा विद्युत फरक सापडला. शेवटी तिला समुद्रात सोडावं लागलं.

म्हणूनच वास्तुशास्त्राच्या नावानं टाकी ठेवायला सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. मासा सैरभैर फिरून मेला की "घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं" म्हणायचं आणि दुसरा आणायचा! पुष्कळदा ते संकट टाकीतल्या पाण्यातला अमोनिया असतं. बाजारात त्याची चाचणी करायचं किट मिळतं.

फेऱ्या दिसल्या की आधी ती चाचणी करावी. मासा धापा टाकतोय का, दगडावर अंग घासतोय का, हे बघावं. तसं असेल तर दुखणं वेगळं. पाणी ठीक असेल तर खोलीतला दिवा चालू असतानाच टाकीचा दिवा लावावा. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावला तर पूर्ण आंतरिक परावर्तन थांबत नाही, कारण कागद आणि काच यांच्यामध्ये हवा उरतेच. ते थांबवायचं तर काचेवर थेट काळा रंग द्यायचा. दगडांच्या कपारी ठेवाव्यात. दिवसातून एकदा चिमूटभर खाणं टाकण्याऐवजी समुद्री शेवाळाचा पापुद्रा चिमट्याला लावून ठेवला की टँग तासन्तास तो कुरतडत बसतो. आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात पिशवीतला अंगठ्याएवढा टँग आवडला, तरी तो वीतभर वाढणार आहे. चार फुटांच्या टाकीसाठी तो घेऊच नये.