क्षमेच्या आधी काय? बालपणीचे अत्याचार आणि ख्रिस्ती श्रद्धा

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच येशू एका बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे करतो. अशा लहानांपैकी एकालाही जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावे हे त्याच्या हिताचे, असे तो म्हणतो. याच अध्यायात जरा खाली पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का? उत्तर येते, सातांच्या सत्तर वेळा. लहानपणी घरात किंवा मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांना यातले दुसरे वचन पुन्हापुन्हा ऐकवले गेले. जात्याच्या तळीबद्दल व्यासपीठावरून कुणी फारसे बोलले नाही. ही निवड कशी होत गेली आणि कुणी ती बदलायला लावली, हे पाहिल्याशिवाय चर्चमध्ये आज ‘सावरण्या’बद्दल जे बोलले जाते ते नीट कळत नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीला हा अपराध ठाऊक नव्हता, असे मुळीच नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराची मानली जाणारी ‘दिदाखे’ ही शिकवण खून आणि व्यभिचाराच्या जोडीनेच मुलांना भ्रष्ट करण्याची मनाई करते. स्पेनमध्ये एल्व्हिरा येथे चौथ्या शतकाच्या आरंभी धर्मसभा भरली. तिच्या ७१व्या नियमाने मुलग्यांवर अत्याचार करणाऱ्याला मरणाच्या घटकेलाही प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा पवित्र विधी, नाकारले. याहून कडक काय असणार! पण हा नियम अपराध्याच्या आत्म्याचा विचार करतो. ज्या मुलावर अत्याचार झाला त्याचे पुढे काय, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

ही उणीव पुढे वाढतच गेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे सक्तीचे केले आणि ऐकलेले फोडणाऱ्या धर्मगुरूला जबर शिक्षा ठरवली. हेतू दयेचा होता. माणसाने न घाबरता मन मोकळे करावे, एवढाच. मात्र अत्याचाराच्या बाबतीत याचा परिणाम भीषण झाला. अपराधी, धर्मगुरू आणि देव या तिघांत सगळे मिटून जाई, आणि मूल तिथे नसेच. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ही सक्ती काढून टाकली, तरी सवय राहिली. पाळकापुढे अश्रू ढाळून पश्चात्ताप झाला की प्रकरण मिटल्याचे मानायचे आणि मग मुलाकडे वळून म्हणायचे, ‘आता तूही क्षमा कर.’

बालसंरक्षणाची आधुनिक चळवळ मात्र बऱ्याच अंशी श्रद्धावंतांनीच उभी केली, हेही सांगायलाच हवे. १८७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेथडिस्ट मिशनचे काम करणाऱ्या एटा व्हीलर या बाईंना मेरी एलन नावाच्या मुलीचे हाल कळले. पोलीस आणि धर्मादाय संस्थांकडून दाद मिळेना, तेव्हा त्या प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध लढणाऱ्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. मुलीला घोडागाडीतल्या कांबळ्यात गुंडाळून कोर्टात आणले. तिच्या कपाळावर कात्रीने झालेली जखम होती. सांभाळणारी आई जवळजवळ रोज चाबकाने मारते, असे तिने सांगितले. या खटल्यातून मुलांवरील क्रूरता रोखणारी जगातली पहिली संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये १८८४ मध्ये अशीच संस्था काढणारे बेंजामिन वॉ हे काँग्रिगेशनल पंथाचे पाळक होते. त्यांच्याच खटपटीने १८८९ चा बालसंरक्षण कायदा झाला. तरीही या सगळ्यांची नजर गरिबांच्या खोल्यांकडे होती. प्रतिष्ठित घराच्या आणि चर्चच्या दाराआड काय चालते, हे विचारायला आणखी शंभर वर्षे लागली.

अत्याचार थांबवणे ही एक गोष्ट झाली. जो आधीच होऊन गेला त्यातून माणूस उठतो कसा, या प्रश्नाकडे चर्च वळले ते विसाव्या शतकाच्या मध्याला. चीनमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या अ‍ॅग्नेस सॅनफर्ड यांनी ‘आठवणींचे आरोग्य’ ही कल्पना अमेरिकेत रुजवली. येशू काळाच्या पलीकडचा आहे, म्हणून प्रार्थनेत त्याला त्या जुन्या प्रसंगात बोलवावे आणि त्या लहान मुलाजवळ त्याला उभे असलेले पाहावे, असे त्यांचे सांगणे. १९७० च्या दशकात ही पद्धत कॅथलिक आणि करिस्मॅटिक (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) मंडळ्यांत झपाट्याने पसरली. अनेकांना तिने खरोखर आधार दिला, कारण त्यांच्या दुखण्याला चर्चमध्ये पहिल्यांदाच जागा मिळत होती. त्याच काळात जे अ‍ॅडम्स यांच्यासारखे ‘बायबलाधारित’ समुपदेशक मानसशास्त्राला जवळ करायला तयार नव्हते. मनाच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ पापात आणि उपाय पश्चात्तापात, ही त्यांची शिकवण. जिच्यावर अत्याचार झाला तिने पश्चात्ताप कशाचा करायचा? या प्रश्नापाशी ती शिकवण अडखळली आणि तिने कितीतरी जणांच्या अपराधी भावनेत भरच घातली.

आठवणींच्या प्रार्थनेचाही पाय घसरलाच. १९८० च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजकांच्या टोळ्या मुलांवर अत्याचार करतात, अशी भीती पसरली आणि चर्चमधल्या काही समुपदेशकांनी ती उचलून धरली. सूचक प्रश्न विचारून ‘दबलेल्या’ आठवणी वर काढण्याचे प्रयोग झाले. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीतल्या अशाच आरोपांचा खटला १९९० मध्ये एकालाही दोषी न ठरवता संपला. खोट्या आठवणी तयार होऊ शकतात, हे संशोधकांनी दाखवून दिले. याची सर्वात मोठी किंमत खऱ्या पीडितांना मोजावी लागली. त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले.

माझ्या मते या इतिहासाला खरी कलाटणी मिळाली ती वेगळ्याच दिशेने. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या पाळक मेरी फॉर्च्यून यांनी १९७७ मध्ये सिॲटलमध्ये लैंगिक आणि घरगुती हिंसाचाराविरुद्ध केंद्र सुरू केले. क्षमा ही शेवटची पायरी आहे, असे त्या ठामपणे मांडत आल्या. आधी सत्य बोलले जावे, अपराध्याने जबाबदारी घ्यावी, मुलाला सुरक्षितता आणि शक्य तितकी भरपाई मिळावी. क्षमा त्यानंतर, आणि तीही पीडित व्यक्तीला वाटेल तेव्हा. बायबलात याला आधार नाही असे कोण म्हणेल? लूकच्या सतराव्या अध्यायात येशू आधी अपराध्याला दोष दाखवायला सांगतो आणि मग म्हणतो, तो पश्चात्ताप करील तर क्षमा कर. याच सुमाराला वैद्यकशास्त्रही पुढे सरकत होते. मारहाणीने जखमी झालेल्या मुलांची लक्षणे हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मांडली होती. आघातानंतरच्या मानसिक विकाराला १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्थान मिळाले. शरीर दचकते, झोप उडते, प्रार्थनेला डोळे मिटले की भीती दाटते, हा विश्वासाचा कमकुवतपणा नव्हे, असे पाळकांना आता सांगता येऊ लागले. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारावे, बंद खोलीत एकट्याने बसवू नये, वडिलांनीच अत्याचार केलेल्या व्यक्तीला देवाला ‘पिता’ म्हणण्याची सक्ती करू नये, अशा साध्या गोष्टी हळूहळू प्रशिक्षणात आल्या.

बायबलातली झाकून ठेवलेली पानेही उघडली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दाविदाची मुलगी तामार हिच्यावर सावत्र भाऊ अम्नोन आजाराचे सोंग घेऊन बलात्कार करतो. आधी ती त्याला स्पष्ट शब्दांत विरोध करते. मग दाराला अडसर लागतो आणि ती बाहेर, डोक्यावर राख घेऊन, अंगरखा फाडून आक्रोश करत निघते. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद राजा संतापतो आणि काहीच करत नाही. घराण्याची अब्रू, भावाची गय, बापाचे मौन, सगळे या एका अध्यायात आहे. रविवारच्या उपासनेत तो क्वचितच वाचला जाई. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्गच्या उजामा केंद्राने तो स्त्रियांच्या छोट्या गटांत वाचायला घेतला आणि २००० साली ‘तामार मोहीम’ उभी राहिली. कथा वाचायची, तामार काय म्हणते ते पाहायचे आणि मग विचारायचे, आपल्याकडे अशा बाया आहेत का? अनेक ठिकाणी या प्रश्नानंतर बायका पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलल्या. स्तोत्रसंहितेतली विलापगीतेही अशीच परत हाती आली. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही. ज्याला अजून बरे वाटत नाही त्यालाही देवापुढे बोलता येते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

मग चर्चसंस्थांनी केलेली अत्याचारांची झाकपाक उघडी पडली. २००२ मध्ये बॉस्टनमधल्या वृत्तपत्रीय शोधाने सुरुवात झाली. २००९ मध्ये आयर्लंडचे अहवाल आले, २०२१ मध्ये फ्रान्सचा आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांचा. संस्थांमधल्या बालअत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात सुमारे ८ हजार लोकांना खाजगी बैठकीत ऐकले. शपथ नाही, उलटतपासणी नाही, समोर फक्त ऐकणारा आयुक्त. झालेले कुणाला तरी सांगायला या माणसांना सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती. आयोगाची सुनावणी बॅलराट शहरात झाली तेव्हा लोकांनी तिथल्या कॅथलिक शाळेच्या कुंपणाला पीडितांच्या पाठिंब्यासाठी रंगीत फिती बांधायला सुरुवात केली आणि ती प्रथा इतर देशांतही गेली. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये धर्मगुरूंना अत्याचाराची तक्रार चर्चच्या अधिकाऱ्यांकडे देणे बंधनकारक केले आणि त्याच वर्षी अशा खटल्यांवरचे ‘पोपचे गुपित’, म्हणजे कडक गोपनीयतेचा नियम, उठवले. पापनिवेदनाच्या गुप्ततेचा वाद मात्र आजही मिटलेला नाही.

जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या कोर्टात मुलींवर अत्याचार करणारे अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचे माजी डॉक्टर लॅरी नासर यांच्यापुढे रेचल डेनहॉलंडर उभ्या राहिल्या. अत्याचार सुरू झाले तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या, आणि २०१६ मध्ये उघडपणे नाव देऊन सर्वांत आधी त्याच बोलल्या होत्या. त्यांनी नासर यांना सांगितले की नासर यांनीच कोर्टात बरोबर आणलेल्या बायबलात जात्याच्या तळीचे वचन आहे. देवाच्या क्षमेआधी अपराधाचे पूर्ण ओझे त्यांना जाणवावे, अशी आपली प्रार्थना आहे, असे म्हणून आपणही क्षमा करत असल्याचे त्या बोलल्या. त्याच भाषणात एका लहान मुलीची किंमत किती, असे विचारून त्यांनी न्यायाधीशांकडे सर्वांत मोठ्या शिक्षेची मागणी केली. भाषण जगभर गेले. ख्रिस्ती लोकांनी त्यातला क्षमेचा भाग भरभरून वाटला आणि न्यायाचा भाग सोडून दिला, हे काही दिवसांतच डेनहॉलंडर यांना स्वतः मुलाखतीत सांगावे लागले. पीडितांची बाजू घेतल्यामुळे आपली मंडळी आपल्याला सोडावी लागली, हेही त्यांनी सांगितले.