जुना हार्वेस्टर घेताय? मीटर नंतर बघा, आधी ड्रम उघडा

आमच्या वर्कशॉपमध्ये जुने कम्बाइन हार्वेस्टर दुरुस्तीला येतात आणि त्यांतले काही आम्ही तयार करून विकतोही. तेव्हा हा सल्ला विकणाऱ्याकडूनच येतोय हे ध्यानात असू द्या. खाली सांगितलेली प्रत्येक तपासणी आमच्या मशीनवरही करा. कव्हरं उघडायला पाने आम्हीच देऊ.

थोडी जमीन, गहू-हरभरा-सोयाबीनसारखी पिकं आणि बेताचं भांडवल असेल, तर जुनं मशीन घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. हंगामात थोडेच दिवस चालणाऱ्या यंत्रात नव्याची किंमत अडकवून ठेवणं लहान शेताला परवडत नाही. पण जुन्या हार्वेस्टरमध्ये वयापेक्षा वापर मोठा. वीस वर्षांचं, पण शेडमध्ये राहिलेलं आणि घरच्याच शेतावर चाललेलं मशीन, भाड्याने फिरून आठ वर्षांत पिंजून निघालेल्या मशीनपेक्षा कितीतरी चांगलं असतं.

घ्यायचा का आणि केवढा

आधी कागदावर हिशेब करा. बारा फुटी हेडर (पुढचा पीक कापणारा भाग) म्हणजे साधारण 3.66 मीटर. ताशी 4 किलोमीटर वेगाने तो एका तासात सुमारे 1.46 हेक्टर कापतो. वळणं, टाकी रिकामी करणं आणि मधले थांबे धरून त्यातलं पासष्ट-सत्तर टक्केच पदरात पडतं, म्हणजे तासाला सव्वादोन-अडीच एकर. तीस एकरांना बारा-तेरा तास लागतील. सकाळचं दव उतरेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे हे तीन दिवसांचं काम धरा. तीन दिवसांच्या कामासाठी वीस फुटी मशीन घेऊ नका. ते लहान बांधांत वळत नाही, ओल्या रानात रुततं आणि त्याचे टायरच तुमचं बजेट खातात.

भाड्याचं मशीन वेळेवर मिळत असेल तर तेच घ्या, असंही आम्ही पुष्कळांना सांगतो. स्वतःच्या हार्वेस्टरचा खरा फायदा वेळेचा असतो. पीक तयार आहे, आभाळ भरून आलंय आणि भाड्याचं मशीन अजून दुसऱ्याच्या रानात आहे, हा प्रसंग दर हंगामात येत असेल तर खरेदीचा विचार करा. घरात पाना धरणारं माणूस नसेल तर मात्र दहादा विचार करा. जुनं मशीन आठवड्यातून एकदा तरी काहीतरी मागतं.

तासांचा मीटर

बऱ्याच मशीनांवर दोन आकडे असतात, इंजिनचे तास आणि मळणीचे तास. तुमच्या कामाचे मळणीचे, कारण रस्त्यावर धावताना मळणी करणारा ड्रम झिजत नाही. पण मीटर बंद पडतात आणि बदललेही जातात. म्हणून मीटरवर जे दिसतं ते पायऱ्या, पेडलचं रबर, स्टिअरिंग आणि सीट यांच्याशी ताडून बघा. मीटर थोडे तास दाखवतोय आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं असेल तर पेडलवर विश्वास ठेवा.

नव्या रंगाने खूश होण्याआधी ग्रीस भरायचे निप्पल बघा. निप्पलवर रंगाचा अखंड थर असेल तर रंग दिल्यापासून तिथे कुणी ग्रीसगन लावलेली नाही. आणि रंगाआधीही लावत होते की नाही, हे मालकाला विचारून कळणार नाही. आसपास जुन्या ग्रीसचा काळा, धुळीने घट्ट झालेला थर आणि त्यावर ताजं ग्रीस दिसलं, तर माणूस काळजीचा आहे.

ड्रम आणि कॉन्केव्ह

इथे वेळ घालवा. इंजिन बंद करा, किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा, हेडर वर असेल तर त्याचा सेफ्टी स्टॉप लावा. मगच हात आत घाला. फक्त हायड्रॉलिकच्या भरवशावर उभ्या हेडरखाली कधीही जाऊ नका.

ड्रमवरचे रास्प बार, म्हणजे दाणे सोडवणाऱ्या रेघांच्या पट्ट्या, बोटांनी चाचपा. नव्या बारच्या तिरप्या रेघांना धार असते, कडा बोटाला टोचते. झिजलेल्या बारवर रेघा नुसत्या दिसतात, लागत नाहीत. झीज मध्यभागी जास्त आणि टोकांना कमी असेल तर माल नेहमी मधूनच जात होता. एखादा बार वाकलेला किंवा चेपलेला असेल तर दगड गेला आहे. अशा वेळी खालचा कॉन्केव्हही (ड्रमला लपेटलेली गोलाकार जाळी) त्याच ठिकाणी दबलेला सापडतो.

सगळेच बार नवे असतील तर छान. एकच बार नवा आणि बाकी जुने असतील तर ड्रमचा तोल विचारा. बार बदलताना समोरासमोरची जोडी वजन जुळवून बदलायची असते. ते केलं नसेल तर ड्रम हादरतो आणि बेअरिंग लवकर जातं.

आता कॉन्केव्हची लिव्हर कुठे आहे ते बघा, कारण विकणाऱ्यांपैकी फार थोडे ती हलवून ठेवतात. ड्रम आणि कॉन्केव्हमधलं अंतर पुढे जास्त आणि मागे कमी असतं आणि ते पिकाप्रमाणे बदलायचं असतं. लिव्हर अगदी शेवटपर्यंत घट्ट केलेली असेल तर समजा, झिजलेल्या बारची भरपाई अंतर कमी करून चालली होती. त्याने काही दिवस निभावतं. पुढे दाणा फुटायला लागतो आणि तरीही काही ओंब्या अर्धवट भरलेल्याच मागे जातात.

ड्रमच्या पुढे दगड अडवणारा खळगा असतो. तो उघडून बघा. त्यात दगडासारखी घट्ट माती बसलेली असेल तर तो कित्येक दिवसांत रिकामा झालेला नाही. असा मालक बाकी देखभाल तरी काय करत असणार!

पत्रा कुठे जातो

धान्य पत्र्यावरून सरकत राहतं आणि पत्रा आतून झिजतो. बाहेरून रंग शाबूत असतो. धान्याच्या टाकीचा तळ, ऑगरच्या (धान्य ढकलणाऱ्या स्क्रूच्या) नळीची खालची बाजू, एलिव्हेटरचं खालचं तोंड आणि वळण, या जागा हातोडीने हलकेच ठोका. आवाज पातळ आला किंवा पत्रा दबला तर वेल्डिंगचं काम निघालं. एलिव्हेटरची साखळी सैल आहे का आणि त्यावरच्या रबरी पट्ट्या कडेला झिजल्या आहेत का, तेही बघा. पट्ट्या झिजल्या की धान्य वर चढत नाही, खालीच घोळत राहतं आणि फुटतं. चाळणीच्या पट्ट्या वाकलेल्या असतील तर हवा एकीकडून जाते, दाणे दुसरीकडून मागे पडतात.

वॉकर की रोटर

जुन्या मशीनांत दोन जाती दिसतात. आडवा ड्रम आणि मागे काड हलवून दाणे झाडणारे स्ट्रॉ वॉकर ही जुनी पद्धत. लांब फिरत्या रोटरनेच मळून दाणे वेगळे करणारी मशीनं 1970 च्या दशकात बाजारात आली. न्यू हॉलंडचं दोन रोटरचं टीआर 70 हे 1975 मधलं आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरची ॲक्शियल-फ्लो मशीनं 1977 ची. रोटरमध्ये हलते भाग कमी असतात आणि दाणा सहसा कमी फुटतो. पण त्याला ताकद जास्त लागते आणि काडाचा चुरा होतो. जनावरांसाठी काड लांब हवं असेल तर वॉकरचं मशीन बरं. त्यात वॉकरच्या क्रँकची बेअरिंगं हाताने हलवून बघा. खडखड वाजली तर सगळी एकदमच बदलायची तयारी ठेवा, एकेक बदलण्यात मजुरीच जास्त जाते.

इंजिन आणि चाल

पाहणीला जाताना मालकाला आधीच सांगा की मशीन गरम करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनला हात लावून खात्री करा. थंड इंजिन कसं सुरू होतं त्यातच अर्धं कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात असावं. लोड नसतानाही काळा धूर येत असेल तर हवा किंवा डिझेलच्या बाजूला दोष आहे. ऑइल किंवा हायड्रॉलिक तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे.

गाडीची चाल दोन प्रकारची असते, वेग बदलणारा पट्ट्याचा व्हेरिएटर किंवा तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक. व्हेरिएटरचा पट्टा डोळ्यांना दिसतो, बदलता येतो. हायड्रोस्टॅटिक पंप मात्र थंड असताना ठणठणीत असतो आणि तेल तापल्यावर चढावर दम सोडतो. म्हणून ते मशीन किमान अर्धा तास चालवून, तापलेल्या अवस्थेत चढावर नेऊन बघा. या पंपाचं काम जुन्या मशीनच्या किमतीच्या मानाने फार महाग पडतं.

आधी रिकामं चालवा, मग पिकात

मळणी चालू करून मशीन पूर्ण वेगावर वीस मिनिटं रिकामं फिरवा. मग सगळं बंद करा, फिरणं पूर्ण थांबू द्या आणि तापमापक गनने एकेका बेअरिंगवर नेम धरा. शेजारच्यांपेक्षा एखादं खूप तापलं असेल तर तेच पुढच्या हंगामात भर दुपारी बसणार. अशा बेअरिंगजवळ भुसा साचला की आग लागते, म्हणून ही तपासणी टाळू नका.

पिकात चालवून दाखवायला मालक तयार नसेल तर किंमत त्या हिशेबानेच बोला. तयार असेल तर मशीन थोडं अंतर नेऊन थांबवा आणि मागे जमिनीवर वाका. एक चौरस मीटरची चौकट टाका आणि सुटे दाणे मोजा. गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण 40 ग्रॅम धरलं तर एका चौरस मीटरवर 250 दाणे म्हणजे 10 ग्रॅम. ते हेक्टरी एक क्विंटल, एकरी 40 किलो होतं! मात्र काडाची ओळ पडते तिथे संपूर्ण रुंदीचा माल एकवटलेला असतो. कापणीची रुंदी ओळीच्या तिप्पट असेल तर तिथला आकडा तिनाने भागा. पण भागण्याआधी, मुळातच झडलेले दाणे वजा करा. त्यासाठी शेजारच्या उभ्या पिकात एकदा चौकट टाकून मोजा.

दाणे कुठून सांडतात ते बघितलं की दोष कुठे आहे तेही कळतं. ओंबीत दाणे राहिले असतील तर दोष ड्रमकडे. सुटे दाणे काडाबरोबर जात असतील तर वॉकर, चाळणी किंवा पंख्याच्या हवेकडे. हेडरखालीच सांडत असतील तर रीलचा (पीक पात्यांकडे ओढणाऱ्या फिरकीचा) वेग किंवा बोथट पाती. यातलं बरंचसं सेटिंगने सुटतं, म्हणून सांडण्यावरून लगेच मशीन नाकारू नका. मालकाला सेटिंग बदलायला सांगा आणि पुन्हा मोजा. सेटिंग बदलून आकडा उतरला नाही, तर झीज आहे.

सुटे भाग

सौदा ठरण्याआधी त्या मॉडेलचे पट्टे, पाती, रास्प बार आणि बेअरिंग कुठे मिळतात, किती दिवसांत मिळतात, हे दुकानात विचारून घ्या. बेअरिंग आणि बरेचसे पट्टे मापाने मिळतात. ड्रमचे बार, गिअरबॉक्स आणि कंट्रोलचे इलेक्ट्रॉनिक भाग त्या कंपनीचेच लागतात. कमी खपलेलं मॉडेल स्वस्त मिळतं ते यामुळेच. मशीनबरोबर ऑपरेटरचं आणि पार्ट्सचं पुस्तक मिळत असेल तर मागून घ्या. विकणाऱ्याच्या शेडमध्ये पडलेले जुने पट्टे आणि पातीही सौद्यात धरा, त्याला त्यांचा काही उपयोग नसतो.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदांशी जुळवा. मशीनवर कर्ज बाकी नाही याचा लेखी पुरावा घ्या. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का ते सीटखाली आणि इंजिनच्या कोपऱ्यांत टॉर्च मारून बघा.

आम्हाला पाहणीला बोलावताना

मॉडेलचा आणि सिरीयल नंबरच्या पाटीचा फोटो आधी पाठवा, म्हणजे भागांची चौकशी आम्ही निघण्याआधीच करून ठेवतो. मशीन थंड असू द्या, बॅटरी चार्ज केलेली असू द्या आणि ड्रमची कव्हरं उघडायला मालकाची परवानगी घेऊन ठेवा. पाहणीनंतर तुम्हाला दोन याद्या मिळतील. पहिलीत हंगामाआधी करावीच लागणारी कामं असतील, दुसरीत पुढे ढकलता येणारी. पहिल्या यादीचा खर्च मशीनच्या किमतीत मिळवा आणि मगच मालकाशी भाव करा. अग्निशामक सिलिंडर मशीनवर नसेल तर तो आम्ही पहिल्याच यादीत लिहितो.